संगणकशास्त्राला मानसशास्त्राची जोड : नोकरी-व्यवसायाच्या दृष्टीने एक विचार

बारावीचे निकाल लागले की आमच्या पेढीवर कापडापेक्षा सल्ल्याची गिऱ्हाइके जास्त येतात. कोणी यंत्रमागवाला मुलाची गुणपत्रिका पिशवीत घालून आणतो, कोणी दलाल मुलीच्या प्रवेशाचा अर्ज पुढे करतो. आम्ही काही शिक्षणतज्ज्ञ नाही. आमची तालीम उर्दू माध्यमाच्या शाळेत झाली आणि पुढची सारी तालीम गादीवर बसून. तरीही चार पोरे शिकवली, चार पोरांना नोकरीला लावले, एवढ्या भांडवलावर लोक विचारतात आणि आम्हीही सांगतो.

मुलाला कॉम्प्युटरला घाला, असे म्हटले की सगळे मान डोलावतात. पण त्याच्या जोडीला मानसशास्त्र हा गौण विषय घ्या, असे म्हटले की समोरच्याचा चेहरा बदलतो. उर्दूत या शास्त्राला नफ्सियात म्हणतात. आमच्याकडे त्याचा अर्थ पागलांचे शास्त्र असा लावला जातो. "शेठ, मुलाला इंजिनियर करायचे की पागलांचा डॉक्टर?" असे एकाने आम्हाला तोंडावर विचारले. त्याला हसण्याचा आम्हाला अधिकार नाही. २०२३ साली आमच्या पुतणीने संगणकशास्त्राच्या पदवीला प्रवेश घेताना गौण विषय म्हणून मानसशास्त्रावर खूण केली, तेव्हा सर्वांत मोठ्याने विरोध आम्हीच केला होता. त्याऐवजी अकाउंट्स घे, निदान पेढीच्या कामी येईल, असे आमचे म्हणणे. तिने ऐकले नाही. तिने ऐकले नाही हे बरे झाले. ते का, हे सांगण्यासाठी आम्हाला आमच्याच दुकानातील एक जुनी फजिती सांगावी लागेल.

१ जुलै २०१७ रोजी जीएसटी आला आणि कापड बाजाराला हातातली चोपडी ठेवून संगणकावर बिले करणे भाग पडले. आम्हीही बिलाचे सॉफ्टवेअर घेतले. आमचे मुनीमजी तेव्हा पेढीवर एकतीस वर्षांचे जुने होते. कोणत्या पार्टीची किती उधारी, कोण किती दिवसांनी पैसे देतो, हे त्यांना चोपडी न उघडता ठाऊक असायचे. साठीच्या उंबरठ्यावर ते कीबोर्ड शिकले. दोन बोटांनी टाइप करायचे, पण करायचे.

पुढच्या वर्षी १ एप्रिल २०१८ पासून परराज्यात जाणाऱ्या मालाला ई-वे बिल लागू झाले. पन्नास हजार रुपयांच्या वरचा माल असेल तर गाडीबरोबर हे बिल असलेच पाहिजे. त्याच वर्षी दिवाळीच्या तोंडावर कर्नाटकातील एका जुन्या पार्टीने पॉपलिनचे साठ थान मागवले. थानाला सुमारे शंभर मीटर धरले तर सहा हजार मीटर, चाळीस रुपये भावाने दोन लाख चाळीस हजारांचा माल. मुनीमजींनी रकान्यात ६० हा आकडा टाकला. शेजारच्या रकान्यात मीटर हा शब्द सॉफ्टवेअरने आधीच भरून ठेवला होता. बिल झाले साठ मीटरचे, रुपये दोन हजार चारशे. रक्कम पन्नास हजारांच्या आत, म्हणून सॉफ्टवेअरने ई-वे बिलाचा प्रश्नच काढला नाही. गोदामातील पोराला मात्र पार्टीची चिठ्ठी माहीत होती, त्याने साठ थान मोजून गाडीत भरले. गाडी वाटेत तपासणीला थांबली. दोन हजार चारशेच्या बिलावर सहा हजार मीटर कापड! माल अडकला, दंड भरावा लागला, आणि माल सुटून पोहोचला तेव्हा दिवाळी होऊन गेली होती. ती पार्टी आमच्याकडे पुन्हा आली नाही.

आम्ही मुनीमजींना चार माणसांसमोर बोललो. काय बोललो ते येथे लिहीत नाही. ते एवढेच म्हणाले, "शेठ, आता नजर राहिली नाही," आणि पुढच्या महिन्यापासून येईनासे झाले. पुढची सहा वर्षे ही हकीकत आम्ही लग्नकार्यात, बाजारात, सगळीकडे 'मुनीमजींची चूक' म्हणून सांगत राहिलो.

२०२४ च्या सुट्टीत पुतणी काही दिवस पेढीवर बसली. सॉफ्टवेअर तेच होते. तिने दोन दिवस कोणालाही काही न सांगता, बिले करणाऱ्या पोराच्या मागे बसून वहीत काही टिपले. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "चाचा, ती चूक मुनीमजींची नव्हती."

आम्हाला राग आला. पण तिने मांडले ते ऐकण्यासारखे होते. पहिली गोष्ट, मीटर हा शब्द आधीच भरलेला असतो. आधीच भरलेली गोष्ट माणूस सहसा बदलत नाही. ती कोणीतरी विचार करून भरली असेल, असे तो धरून चालतो. दुसरी गोष्ट, बिल पक्के करताना 'आर यू शुअर' असा इंग्रजी प्रश्न दर वेळी येतो. तिच्या मोजणीप्रमाणे दिवसभरात तो सत्तरहून जास्त वेळा आला आणि पोराने एकदाही तो न वाचता एन्टर दाबले. जो इशारा प्रत्येक वेळी येतो तो इशारा राहत नाही, हाताला त्याची सवय होते. तिसरी गोष्ट आम्हाला सर्वांत जास्त लागली. मुनीमजी हाताने बिल लिहीत तेव्हा शेवटी 'अक्षरी रुपये' लिहावे लागत. दोन हजार चारशे हे शब्द लिहिताना साठ थानांचा भाव त्यांच्या डोक्यात जागा झालाच असता. सॉफ्टवेअरने ते काम त्यांच्या हातून काढून घेतले आणि त्याबरोबर त्यांची नजरही काढून घेतली. बेरीज यंत्र करते म्हटल्यावर बेरजेकडे कोण पाहतो?

आणखी एक गोष्ट तिने सांगितली नाही, ती आम्हीच सांगतो. त्या बिलाखाली सही आमची होती.

हे सारे तिला मानसशास्त्राच्या वर्गात शिकवले होते. अवधान म्हणजे काय, सवयीने इशारा बोथट कसा होतो, माणूस आधी ठरलेल्या पर्यायाला का चिकटतो. संगणकशास्त्राच्या वर्गात तिला ते सॉफ्टवेअर कसे लिहितात ते शिकवले होते. दोन्ही वर्ग एकाच डोक्यात होते म्हणून सहा वर्षांची गाठ दोन दिवसांत सुटली.

आमचे नुकसान पैशांचे झाले, आणि एका भल्या माणसाचे. पण याच जातीच्या चुकीने जगात माणसांचे जीवही गेलेले आहेत. 'थेरॅक-२५' नावाचे कर्करोगावर किरणोपचार करणारे यंत्र कॅनडात बनले होते. १९८५ ते १९८७ या काळात अमेरिका व कॅनडातील इस्पितळांत या यंत्राने किमान सहा रुग्णांना ठरलेल्या मात्रेच्या कितीतरी पट किरण दिले आणि त्यांतील काही दगावले. मार्च १९८६ मध्ये टेक्सासमधील टायलर गावच्या एका केंद्रात घडले ते असे. यंत्र चालवणाऱ्या बाईंनी चुकून एका प्रकारच्या किरणांचे अक्षर दाबले, चूक लगेच ध्यानात आली, वर जाऊन दुरुस्त केली. हात सरावलेला असल्याने हे सगळे काही सेकंदांत झाले. इतक्या जलद दुरुस्तीचा विचार प्रोग्राम लिहिणाऱ्याने केलाच नव्हता. पडद्यावर दुरुस्ती दिसली, यंत्राच्या आत मात्र मांडणी चुकीचीच राहिली. पडद्यावर 'मालफंक्शन ५४' एवढीच अक्षरे उमटली. त्याचा अर्थ चालवणाऱ्याच्या पुस्तिकेत समजावलेला नव्हता. असले बिघाडाचे आकडे तेथे नेहमीच उमटत आणि 'पी' हे बटण दाबले की काम पुढे चालू होई. बाईंनी 'पी' दाबले. रुग्णाला दुसऱ्यांदा जबर मात्रा बसली.

याआधीच्या यंत्रात चुकीची मांडणी झाली तर वीजच तोडणारी वेगळी कळ होती. नव्या यंत्रात सॉफ्टवेअर आहे म्हणून ती कळ काढून टाकली होती. नॅन्सी लेव्हसन आणि क्लार्क टर्नर या दोघांनी १९९३ साली या प्रकरणाचा सविस्तर अभ्यास छापला आणि आज तो जगभरच्या संगणकाच्या वर्गांत शिकवला जातो. आमच्या बिलातला एन्टर आणि त्या बाईंचे 'पी' यांत आम्हाला काही फरक दिसत नाही. त्यांच्यापुढे माणूस झोपलेला होता, आमच्यापुढे पॉपलिन होते, एवढाच.

आता काही वाचक म्हणतील की हे नवे फॅड आहे. वास्तविक पाहता संगणकाच्या घरात मानसशास्त्र पाहुणे म्हणून आलेले नाही, ते पहिल्यापासून घरचेच आहे. १९५४ मध्ये पॉल फिट्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने हात एखाद्या लक्ष्यापर्यंत किती वेळात पोहोचतो याचा नियम मांडला. लक्ष्य लांब आणि लहान असेल तर वेळ जास्त, जवळ आणि मोठे असेल तर कमी. आपण कापडवाले कात्री आणि गज हाताच्या टप्प्यात ठेवतो ते याच कारणाने, फक्त आपल्या बापजाद्यांनी त्याचे गणित केले नाही. मोबाइलवरील बटणे किती मोठी आणि कोठे असावीत हे आजही या नियमाने तपासतात. १९५६ मध्ये जॉर्ज मिलर यांनी माणसाच्या तात्पुरत्या स्मरणात साधारण सातच गोष्टी मावतात, एखाद-दोन इकडेतिकडे, असे दाखवले. १९५८ मध्ये फ्रँक रोझेनब्लॅट यांनी 'परसेप्ट्रॉन' मांडला. उदाहरणे पाहून शिकणारे ते यंत्र आजच्या कृत्रिम बुद्धिमत्तेचे आजोबा म्हणता येईल, आणि रोझेनब्लॅट होते मानसशास्त्रज्ञ. ज्या जेफ्री हिंटन यांना २०२४ चे भौतिकशास्त्राचे नोबेल जॉन हॉपफिल्ड यांच्याबरोबर विभागून मिळाले, त्यांची केंब्रिजची पहिली पदवी प्रायोगिक मानसशास्त्राची आहे. हर्बर्ट सायमन यांना संगणकातील ट्युरिंग पारितोषिक १९७५ साली मिळाले आणि अर्थशास्त्राचे नोबेल १९७८ साली. माणूस निर्णय कसा घेतो, हाच त्यांचा दोन्हीकडचा विषय होता.

अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात 'सिम्बॉलिक सिस्टिम्स' नावाची पदवी आहे. संगणक, मानसशास्त्र, भाषाशास्त्र आणि तत्त्वज्ञान असे चार धागे त्यात एकत्र विणलेले आहेत. इन्स्टाग्रामचे एक संस्थापक माइक क्रीगर आणि गुगलच्या सुरुवातीच्या काळातील अभियंता मरिसा मेयर हे दोघे तेथूनच शिकून निघाले. पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलन विद्यापीठाने तर १९९४ पासून मानव-संगणक आंतरक्रिया या विषयाची स्वतंत्र संस्थाच चालवली आहे.

आपल्याकडचे एक उदाहरण आम्हाला फार आवडते. मुंबई आयआयटीच्या औद्योगिक आरेखन केंद्राने 'स्वरचक्र' नावाचा मोबाइलचा कळफलक तयार केला. त्यात व्यंजनावर बोट ठेवले की त्याच्याभोवती बाराखडीचे चाक उघडते, क, का, कि, की. मराठी मूल पाटीवर जशी बाराखडी शिकते, तशीच ती मोबाइलवर मांडली. माणसाच्या डोक्यात आधीपासून जे आहे त्याच्याशी यंत्राला जुळवून घ्यायला लावले, ही त्यातली खुबी.

याच अंगाने आमच्या मुलांसाठी एक गोष्ट सांगतो. उर्दू उजवीकडून डावीकडे चालते, पण तिच्यातले आकडे डावीकडून उजवीकडे लिहिले जातात. अरबी-उर्दूसाठी पडदे बनवताना सगळी मांडणी आरशासारखी उलटी करावी लागते. मागे जाण्याचा बाण, यादीची खूण, सगळेच. आम्ही आजही कोणताही कागद हातात घेतला की नजर आधी उजव्या कोपऱ्यात जाते. दोन लिप्यांत वाढलेल्या मुलाला ही अडचण पुस्तकातून शिकावी लागत नाही. त्याला ती अंगातूनच माहीत असते. नोकरीच्या मुलाखतीत हे भांडवल लपवून ठेवण्याचे कारण नाही.

आता नोकऱ्यांविषयी. या जोडीच्या माणसाला सॉफ्टवेअर कंपन्यांत यूएक्स रिसर्चर किंवा यूएक्स डिझायनर म्हणून घेतात. गिऱ्हाईक पडद्यासमोर कोठे अडते हे पाहणे, मोजणे आणि प्रोग्राम लिहिणाऱ्याला त्याच्या भाषेत सांगणे, हे त्याचे काम. प्रॉडक्ट मॅनेजर या जागेवरही अशी माणसे जातात. इस्पितळाची यंत्रे, मोटारी, बँकांची अ‍ॅप्स येथे चुका टाळण्यासाठी मांडणी तपासणारे लागतात. एकाच पानाचे दोन नमुने वेगवेगळ्या गिऱ्हाइकांना दाखवून कोणता जास्त चालतो ते मोजण्याचे काम तर प्रत्येक मोठ्या ऑनलाइन दुकानात चालते. त्याचे गणित आणि त्यातली खबरदारी मानसशास्त्राच्या प्रयोगपद्धतीतूनच येते.

सायबर सुरक्षेकडे मात्र आमच्या मते लोकांचे फारच कमी लक्ष आहे. आजचा चोर कुलूप फोडत नाही, तो मालकाकडूनच किल्ली मागून घेतो. यूपीआयवर 'पैसे मागणे' अशी एक सोय होती. चोर मागणी पाठवायचा आणि फोनवर सांगायचा की तुम्हाला पैसे येत आहेत, पिन टाका. पैसे घेण्यासाठी पिन लागत नाही, हे आपल्या बाजारातही कितीजणांना माहीत नव्हते. शेवटी व्यक्तीने व्यक्तीकडे अशी मागणी करण्याची सोय एनपीसीआयने १ ऑक्टोबर २०२५ पासून बंद करवली. यंत्रणा बिनचूक चालत होती, गोंधळ माणसाच्या समजुतीत होता. 'डिजिटल अटके'च्या नावाखाली शिकलीसवरलेली माणसे तासन्‌तास कॅमेऱ्यासमोर बसून राहतात आणि आयुष्याची कमाई पाठवून देतात. भीती, घाई आणि वर्दीचा दबदबा यांवर चालणारा हा धंदा ओळखायला नुसता प्रोग्रामर अपुरा पडतो. (असे काही घडलेच तर १९३० या क्रमांकावर ताबडतोब कळवावे.)

पण चित्र सगळे गुलाबी रंगवणे बरोबर होणार नाही. यूएक्सच्या जागा प्रोग्रामरच्या जागांपेक्षा कमी असतात. २०२२-२३ मध्ये मोठ्या अमेरिकन कंपन्यांनी हजारोंनी माणसे कमी केली, त्यांत या कामाची माणसेही होती. म्हणून आमचे स्पष्ट मत असे की मुख्य विषय संगणक हाच राहावा आणि तो पक्का राहावा. डेटा स्ट्रक्चर, डेटाबेस, गणित यांत जो कच्चा, त्याला गौण विषय तारणार नाही. कापडात आधी ताणा पक्का लागतो, बाणा नंतर.

दुसरीकडे, नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आल्यापासून साधा प्रोग्राम लिहून देण्याचे काम यंत्रही करू लागले आहे. अशा वेळी साठ थान आणि साठ मीटर यांतला घोटाळा कोठे होईल हे आधी ओळखणाऱ्याची किंमत वाढेल, असा आमचा व्यापारी अंदाज आहे. अंदाजच आहे.

एका बाबतीत मात्र पालकांनी मुलांशी आधीच बोलून घ्यावे. माणसाचे मन कसे चालते हे कळले की त्याला फसवणेही सोपे होते. ऑनलाइन दुकानात 'फक्त दोनच नग शिल्लक' असे खोटे लिहिणे, न मागता टोपलीत विमा किंवा देणगी टाकणे, वर्गणी सुरू करणे एका बटणावर आणि बंद करणे दहा पानांच्या आड ठेवणे, हे सगळे कोणीतरी हुशार, पगारी माणूस बसून ठरवतो. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी अशा तेरा प्रकारांची यादी करून त्यांना बंदी घातली. या युक्त्यांना 'डार्क पॅटर्न' म्हणतात. जून २०२५ मध्ये ई-कॉमर्स कंपन्यांना तीन महिन्यांत स्वतःची तपासणी करून घ्या, असेही प्राधिकरणाने सांगितले. म्हणजे जे शास्त्र फसवायला वापरले गेले तेच आता फसवणूक शोधायला लागणार आहे, आणि त्यातही रोजगार आहे. बाजारात गज अर्ध्या इंचाने आखूड ठेवणारे दुकानदार आम्ही पाहिले आहेत. पडद्यावरचा आखूड गज एकाच वेळी लाखो गिऱ्हाइकांना मापतो. आपल्या मुलाने कोणत्या बाजूला बसायचे ते पगाराचा आकडा पाहण्यापूर्वी ठरवावे.

प्रवेशाचे नियम थोडक्यात असे. यूजीसीच्या डिसेंबर २०२२ च्या आराखड्यात तीन वर्षांच्या पदवीला १२० श्रेयांक असून त्यांत मुख्य विषयाला ६० आणि गौण विषयाला २४ ठेवले आहेत. चार वर्षांच्या पदवीत १६० पैकी गौण विषयाला ३२. विद्यापीठागणिक हे आकडे थोडे पुढेमागे होतात. व्याख्यानाचा एक श्रेयांक म्हणजे पंधरा तास धरला तर २४ श्रेयांकांचे ३६० तास झाले. हा वेळ काही थोडा नाही. महाराष्ट्रात ही पद्धत २०२३-२४ पासून स्वायत्त महाविद्यालयांत आणि २०२४-२५ पासून संलग्न महाविद्यालयांत आली. अभियांत्रिकीत मात्र गौण पदवी ही जादा असते, एआयसीटीईच्या नमुना अभ्यासक्रमाप्रमाणे नेहमीच्या श्रेयांकांवर सुमारे वीस श्रेयांक जास्त करावे लागतात, आणि त्यात मानसशास्त्र मिळेलच असे नाही. बीसीए २०२४-२५ पासून एआयसीटीईच्या कक्षेत गेला आणि महाराष्ट्रात त्याला सीईटी सुरू झाली, हेही ध्यानात असू द्या.

कागदावर सोय आहे आणि महाविद्यालयात मानसशास्त्राचा शिक्षकच नाही, असेही होते. विज्ञान शाखेच्या पुष्कळ महाविद्यालयांत हा विभाग नसतो, किंवा असला तर त्याचा तास आणि संगणकाचे प्रात्यक्षिक एकाच वेळी येते. अशा ठिकाणी स्वयम्‌ या सरकारी मंचावरचे अभ्यासक्रम उपयोगी पडतात. २०२१ च्या नियमाप्रमाणे विद्यापीठे चाळीस टक्क्यांपर्यंत श्रेयांक तेथून मान्य करू शकतात, मात्र आधी महाविद्यालयाची मंजुरी हवी. दूरशिक्षणाने मानसशास्त्राची पदवी जोडीला करून टाकू, हा जुना मार्ग आता राहिलेला नाही. आरोग्याशी संबंधित विषय म्हणून मानसशास्त्राला जुलै-ऑगस्ट २०२५ च्या सत्रापासून दूरस्थ आणि ऑनलाइन पदव्यांतून यूजीसीने वगळले. त्यानंतरही कोणी अशा प्रवेशाची पावती फाडत असेल तर पैसे देऊ नयेत.

तसेच गौण विषय घेतल्याने मुलगा समुपदेशक किंवा मानसोपचारतज्ज्ञ होत नाही. चिकित्सा मानसशास्त्रज्ञ म्हणून काम करायला भारतीय पुनर्वास परिषदेने मान्य केलेला अभ्यासक्रम आणि परिषदेची नोंदणी लागते. चार पेपर शिकून घरी पाटी लावणारे निघतील, म्हणून हे लिहिणे भाग आहे.

पेपर निवडताना बोधात्मक मानसशास्त्र, म्हणजे अवधान, संवेदन, स्मृती आणि निर्णय यांचा पेपर सोडू नये. संख्याशास्त्र आणि प्रयोगपद्धतीचा पेपर मुलांना कंटाळवाणा वाटतो, मोजणी शिकवणारा म्हणून बाजारात भाव मात्र त्यालाच आहे. व्यक्तिमत्त्व विकासाच्या नावाखाली भाषणे ऐकवणारे पेपर आम्ही तरी घेऊ देणार नाही. पुढे शिकायचे असल्यास मुंबई आयआयटीत इंटरॅक्शन डिझाइनची पदव्युत्तर पदवी आहे, तिचा प्रवेश सीईईडी परीक्षेतून होतो. गांधीनगर आयआयटी आणि अलाहाबाद विद्यापीठ येथे बोधविज्ञान शिकवले जाते.

शिकत असतानाच मुलांनी एक काम करावे, त्याला पैसा लागत नाही. आपल्या मोहल्ल्यातील एखाद्या दुकानाचे, दवाखान्याचे किंवा शाळेचे सॉफ्टवेअर घ्यावे, पाच वेगवेगळ्या माणसांना एकेक करून त्यासमोर बसवावे, एकच काम द्यावे आणि गप्प बसून पाहावे. या शास्त्रातील एक जाणकार जेकब नील्सन यांनी २००० साली लिहिले होते की पाच माणसांतच बहुतेक अडचणी उघड्या पडतात. अशा दोन-तीन तपासण्यांची टिपणे, आधीचा पडदा आणि सुधारलेला पडदा, हे नोकरी मागताना गुणपत्रिकेच्या जोडीला ठेवावे.

पुतणीने आमच्या बिलाच्या पडद्यावर हेच केले. तिने पाच माणसे शोधली, त्यांत पाचवे मुनीमजी असावेत असा तिचा हट्ट होता. म्हणून सहा वर्षांनी आम्ही त्यांच्या घरी गेलो. जे चार माणसांसमोर बोललो होतो ते चार माणसांसमोरच परत घेतले. मुनीमजींनी चहा पाजला आणि पेढीवर येऊन संगणकासमोर बसले. आता आमच्या बिलात मीटर आधी भरलेला नसतो. थान की मीटर हे प्रत्येक वेळी विचारले जाते, मराठीत आणि उर्दूत, आणि बिल पक्के होण्याआधी रक्कम अक्षरी, मोठ्या टाइपात समोर येते. ती अक्षरी रक्कम मुनीमजींची सूचना.

प्रवेशाला जाणाऱ्या पालकांनी फी भरण्यापूर्वी महाविद्यालयाच्या कार्यालयातून गौण विषयाच्या पेपरांची सत्रवार यादी मागून घ्यावी, शिक्षक कायम आहे की तासिकेवर हे विचारावे आणि सगळे श्रेयांक मानसशास्त्राचेच आहेत की त्यात दुसरे काही मिसळले आहे हे पाहावे. यादी तोंडी सांगितली तर ती लिहून घ्यावी व खाली शिक्का मागावा.